कागलच्या परड्यातली गाडी

माझं लगीन कागलात ठरलं तवा आमची आई पदर डोळ्याला लावून बसली, पोरगी परराज्यात चालली म्हणून. आता निपाणी आणि कागल म्हणजे काय, एस.टी.त बसून डुलकी लागेपर्यंत गाव येतंय. मधी कोगनोळीचा नाका, तेवढंच काय ते परराज्य. पण आईला कोण सांगणार? शेवटी आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ कृष्णात, तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणला, "रडतीस कशाला? दोन वर्षांत आपण समदीच तिकडं जाणार. मालूला जरा आधी धाडली असं समज."

आई रडायची थांबली. मी मात्र त्या दोन वर्षांची वाट बघत म्हातारी झाले. मला पोरं झाली, धाकट्याला पण मिशा फुटल्या, सासू गेली, सासरा गेला, आणि अण्णा अजून नाक्याच्या पलीकडंच हाय.

आणि माझ्या परड्यात, म्हशीच्या छपराशेजारी, अण्णाची मारुती गाडी उभी हाय. पांढरी. वर ताडपत्री. येणारं-जाणारं विचारतंय, मालुबाई, गाडी कुणाची? भावाची. भाऊ कुठं असतोय? निपाणीत. मग गाडी हितं कशी? हे सांगाय लागले की माझं डोकं फिरतं. पण आज सांगतेच.

आमचं घर तंबाखूच्या वखारीवर जगलेलं. बाप हमाल, आई तंबाखू निवडायला. अण्णा तेवढा शिकला. मॅट्रिकला असताना सीमेची चळवळ पेटली आणि ह्यो पठ्ठ्या वर्गातनं उठून मोर्चात गेला, हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आला. परत आल्यावर आईनं ओवाळलं आणि बापानं दोन थोबाडीत दिल्या. त्या दिवसापासनं त्येचं एकच. निपाणी महाराष्ट्रात जाणार. कवा? आता जाणार. बरोबरीची पोरं कामाला लागली, कन्नड शिकून सरकारी हापिसात चिकटली, पोराबाळांत रमली. अण्णानं कर्नाटक सरकारची नोकरी घेतली न्हाय. विम्यात लागला. का? तर त्येचं मोठं हापीस मुंबईला. पगाराच्या कागदावर मुंबईचा पत्ता बघून त्येला बरं वाटायचं. हसू नका, खरं सांगते.

माणूस म्हणून मात्र अण्णासारखा अण्णाच. स्कूटरवरनं खेडोपाडी हिंडायचा. कुणी मेलं की विम्याचं काम स्वतः उरकून द्यायचा आणि त्या बायांसंगट बसून रडायचा. मला कन्नड येत न्हाय असं छातीठोक सांगायचा, पण चिकोडीकडच्या एका म्हातारीला कन्नडात समजावताना मी त्येला ह्या कानांनी ऐकलाय. मी हटकलं तर म्हणला, "भाषेवर माझा राग न्हाय गं मालू. माझा राग नकाशावर हाय."

त्येला एकच पोरगी, अंजना. आमची अंजी. ती लहान असताना आमची वैनी, सोनुबाई, वखारीत कामाला जायची. पोरगी तिथंच तंबाखूच्या बोदांवर, ह्या भल्यामोठ्या पोत्यांच्या थप्पीवर खेळायची. एक दिवस वरनं घसरून खाली फरशीवर पडली. गुडघा फुटला. किती दवाखानं झालं, पण गुडघा जुळला तो ताठच जुळला, वाकायचं नाव न्हाय. उजवा पाय कमरेपासनं टाचेपर्यंत सरळ. चालताना पाय बाहेरनं फिरवून टाकती. आणि बसली की पाय पुढं, उंबरा आडवा टाकल्यागत. त्या पायाला धडकून मी स्वतः दोनदा पडलीय आणि तिलाच शिव्या दिल्यात. ती हसती नुसती.

पण पोरगी डोक्यानं तल्लख. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली. लग्नाचं म्हणाल तर पाय बघून परतणारी स्थळं यायची. एकदा एकाची आई म्हणली, चुलीपुढं कशी बसणार ही? अंजी म्हणली, "उभ्यानं करीन की, ओटा बांधा." ते स्थळ परत आलं न्हाय. मग तिनं मनाशी धरलं, आपण मास्तरीण व्हायचं आणि आपल्या पायावर उभं ऱ्हायचं. हे ती हसत म्हणायची, आमालाच कसंनुसं व्हायचं.

तेवढ्यात मारुतीची हवा सुटली. त्र्याऐंशी साल. नुसतं नाव नोंदवायलाच माणसं उड्या मारत होती, गाडी कुणी बघितली पण नव्हती. अण्णानं रस्त्याकडंची एक जागा विकली होती. त्यो एका दुपारी माझ्याकडं आला आणि म्हणला, "मालू, तुझ्या पत्त्यावर नाव नोंदवतोय. कोल्हापुरात."

"माझ्या पत्त्यावर का? बेळगावात नोंदव की."

"अगं, नंबर लागायला लई दिवस लागत्यात म्हणं. तवर आपला सीमेचा निकाल लागंल. मग निपाणी महाराष्ट्रात आणि गाडी कर्नाटकची, असं व्हाय नको. नंतर नंबर बदलत बसा, टॅक्स परत भरा. आधीच व्यवस्थित केल्यालं बरं."

आमचं मालक जेवत होते, त्यांच्या हातातला घास हातातच ऱ्हायला. मी म्हणले, "अण्णा, तू गाडी घेतोयास का पैज लावतोयास?" तर त्यो म्हणला, "माझ्या घरातलं समदं कर्नाटकाच्या सक्तीचं हाय. रेशनकार्ड सक्तीचं, मतदार यादी सक्तीची, अंजीचं सर्टिफिकेट सक्तीचं. गाडी मी हौसेनं घेतोय. तिच्यावर नंबर माझ्या मनातला लागणार." आणि हेच त्यो निपाणीत चौकातल्या हॉटेलात धा माणसांपुढं बोलून आला. "माझ्या दारात कर्नाटकचा नंबर लागायचा न्हाय." तिथं टाळ्या वाजवायला माणसं असत्यातच.

पुढच्या वर्षी अंजीला नोकरी लागली. मराठी हायस्कूल, निपाणीच्या पलीकडं, पार उगवतीकडच्या एका खेड्यात. गणित आणि सायन्स शिकवायचं. पोरगी आनंदानं वेडी व्हायची बाकी होती. पण एस.टी. जाणार फाट्यापर्यंत, तिथनं आत गाडीवाट. आणि एस.टी.त तरी तिनं बसायचं कसं? दोन बाकांच्या मधी तो पाय मावत न्हाय. वाटेत पसरला की कुणी तुडवून जातंय, कंडक्टर वरडतोय. अण्णाच्या स्कूटरवर तर तो पाय आडवाच ऱ्हातोय, बसताच येत न्हाय. शाळेच्या गावात खोली करून ऱ्हा म्हणावं, तर वैनी एकटीला सोडंना. तवा गाडी पायजे ती आता, जूनच्या आधी पायजे. मारुतीच्या नंबराचा पत्ता न्हाय. मग अण्णा दुसऱ्या गाड्या बघाय लागला.

गाडी बघायची तऱ्हा अण्णाचीच. त्यानं वेताची एक काठी अंजीच्या पायाच्या मापानं कापून घेतली, कमरेपासनं टाचेपर्यंत. ती स्कूटरला बांधायची आणि कुणाच्या दारात छोटी गाडी दिसली की जाऊन रामराम घालायचा. "जरा दार उघडता का? माप घ्यायचंय." सीट पूर्ण मागं सारायची, एक टोक सीटच्या पाठीला, दुसरं पुढं. बसली काठी तर गाडी पास. माणसं विचारायची, ॲव्हरेज किती देती हे न्हाय बघायचं? अण्णा म्हणायचा, "ते नंतर. आधी पाय." निपाणीतल्या एका तंबाखूच्या शेठजीनं मारुती आणली होती, तिच्यात काठी बसली, वर दोन बोटं जागा उरली. अण्णानं शेठजीला मिठीच मारली.

मे महिन्यात मी माहेरी गेलते, माझ्या थोरल्या पोरीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला बेळगावला जायचं होतं. अण्णा म्हणला, चला, समदीच जाऊ, तिथं सिद्राम डॉक्टरकडं एक नवी गाडी आलीया, बघून येऊ. सिद्राम डॉक्टर आमच्याच वखारीच्या गल्लीतलं पोरगं, शिकून बेळगावात दवाखाना घातलेलं. अण्णा, मी, अंजी, तिघं एस.टी.नं निघालो. अंजी दाराजवळच्या बाकावर, पाय वाटेत. काकती येईपर्यंत तीन जणांनी तुडवला. ती बारक्या तोंडानं खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरची गाडी बेंगळूरला तयार झालेली, फायबरची, लहान, आमच्या परड्यात म्हशीसंगट बांधता येईल एवढी. मागचं दार आख्खं वर उघडायचं, तसं मारुतीचं पण उघडतंय. पण हिला बाजूला दोनच दारं. आणि दोनच असल्यानं दार कसं, हे लांबलचक! अंजी दाराशी गेली, पाठमोरी बसली आणि कमरेतनं वळली. पाय अलगद आत गेला. कुणी धरलं न्हाय, कुणी ढकललं न्हाय. ती आत बसून आमच्याकडं बघाय लागली. मी तिला लहानपणापासनं बघतीय, इतकी खुशीत बसलेली कधी बघितली नव्हती.

मग अण्णानं काठी लावली. चांगली वीतभर जागा उरली.

डॉक्टर म्हणला, "कृष्णातअण्णा, मारुतीला चार दारं, म्हणजे पुढचं दार आखूड. अंजीला वाकडंतिकडं होऊन बसावं लागंल. ही बघा. आणि ही तुमाला महिन्या-दीड महिन्यात मिळंल, मी शब्द टाकतो."

अण्णा गाडीभोवती फिरला. फायबरवर बोटं वाजवली. "दगड लागला तर?"

"लागला तर लागला. गंजत तर न्हाय."

"मागं बसणाऱ्यानं कसं शिरायचं?"

"मागं बसणार कोण? तुमी दोघंच की."

अण्णा परत फिरला. टायर बघितलं, दिवं बघितलं, वाकून खालनं बघितलं. मला कळलं, माणूस खोट शोधतोय आणि खोट गावंना. अंजी आत बसूनच म्हणली, "आप्पा, ही बरी वाटती." अण्णानं काठी उचलून काखेत मारली.

खडेबाजारात माझ्या साड्या झाल्या, मग आमी चहाला बसलो. अंजीचा पाय टेबलाखालनं पलीकडं गेलता, पोऱ्या वळसा घालून जायचा. मी म्हणले, "अण्णा, ठरीव की आता. जून तोंडावर आलाय."

त्यो बशीत चहा ओतून फुंकत बसला. मग म्हणला, "बेंगळूरची गाडी हाय गं ती. बेंगळूरची गाडी, बेळगावचा नंबर. माणसं काय म्हणतील?"

"कुठली माणसं? हॉटेलातली टाळ्या वाजवणारी? ती येणार हायत का अंजीला शाळेत पोचवाय?"

"मालू, तुला कळायचं न्हाय. तू महाराष्ट्रात ऱ्हातीस."

आता बघा! मला त्यानंच तिकडं धाडली आणि मलाच हे सुनावतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बशी अशी आपटली की हॉटेलवाला बघाय लागला. अंजी म्हणली, "आत्ती, ऱ्हाऊ दे. मी एस.टी.नं जाईन. एका वर्षाचा तर प्रश्न हाय, तवर मारुतीचा नंबर लागंल." बापाची बाजू पोरीनंच घेतली, मी साड्यांची पिशवी उचलली.

ते वर्ष पोरीनं कसं काढलं ते तिचं तिला ठावं. अंधारात उठायची. फाट्यावर उतरून आत चालायची, पावसाळ्यात चिखलात तो ताठ पाय रुतायचा, उपसायचा. एकदा पडली ती शाळेतल्या पोरांनी उचलून नेली. दिवाळीला माझ्याकडं आली तवा कंबर धरून बसायची. मी तेल लावताना विचारलं, "लई दुखतंय?" तर म्हणली, "आत्ती, आठवीतल्या पोरींना बीजगणित येतंय आता. आधीच्या सरांनी शिकवलंच नव्हतं." मी दुखण्याचं विचारतीय आणि ती बीजगणिताचं सांगतीय.

पुढच्या उन्हाळ्यात नंबर लागला. कोल्हापूरला आमी समदी गेलो. अण्णानं नंबरपाटी पेंटरकडनं मराठी आकड्यांत रंगवून घेतली, गाडीला हार घातला, नारळ फोडला. परतताना कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबवून त्यो खाली उतरला आणि उगंच पाटी पुसून आला. त्येचं तोंड बघाय पायजे होतं. निपाणीत हॉटेलापुढं गाडी गेली तशी माणसं बाहेर आली. एक म्हणला, "कृष्णात, तू तरी दाखीवलास!" काय दाखीवलं देव जाणे.

अंजीला बसताना त्रास व्हायचा, ते डॉक्टर म्हणला तसंच. दार आखूड. आधी कुल्ला टेकवायचा, मग मागं रेलून पाय तिरपा आत घ्यायचा, अण्णा पलीकडनं खांद्याला धरून ओढायचा. डावी सीट पार मागं सारलेली. पण एकदा बसली की राणी. रोज सकाळी बापलेक निघायची. तिला शाळेच्या दारात सोडायचा आणि मग त्या बाजूच्या खेड्यातनं विम्याची कामं करत हिंडायचा, सांजच्याला तिला घेऊन परत. वैनी सांगायची, दोघं घरी आली तरी गाडीतनं उतरत न्हाईत, बोलत बसत्यात. त्या वर्षी अंजीची दहावीची पोरं गणितात एकजात पास झाली. पोरगी अंगानं भरली, गालावर रंग आला. तिला एवढी सुखात बघितली ती तेवढंच एक वर्ष.

कायदा असा, की परराज्यातल्या नंबराची गाडी कर्नाटकात वर्षाच्या वर ठेवायची असंल तर तिथला नंबर घ्यायचा, तिथला टॅक्स भरायचा. हे अण्णाला ठावं होतं. त्यो धरून चाललाता की वर्षात निकाल लागंल. निकाल कुठला लागतोय? उलट त्या साली भाषेवरनं परत वातावरण तापलं, मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या. अण्णाच्या अंगात जुना कृष्णात परत शिरला. वर्ष भरत आलं तशी मी मुद्दाम निपाणीला गेले.

मी म्हणले, "अण्णा, नंबर बदलून घे. पत्र्याची पाटी हाय ती, दुसरं काय?"

"मी बोलून बसलोय."

"मग न्हाय बदलत तर ऱ्हाऊ दे. तशीच चालीव. खेड्यातल्या रस्त्याला कोण येतंय बघाय?"

त्येला झोंबलं ते. "चोरून चालवू? माझा नंबर काय चोरीचा हाय? तुरुंगात जाताना मी छाती पुढं करून गेलो, मालू. कायदा मोडायचा तर उजेडात मोडतो मी, बोळाबोळानं न्हाय."

"तर मग उजेडात मोड आणि जा तुरुंगात! अंजीला कोण नेणार?"

अंजी भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढं. तिनं इतक्या वर्षांत बापापुढं आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी पण चढवला न्हाय. म्हणली, "आप्पा, माझं बी.एड. कर्नाटकाचं. माझी शाळा कर्नाटकातली, पगार कर्नाटकाचा. मी जी पोरं शिकवते ती हितलीच. ह्या समद्याला तुमी सक्ती म्हणता. पण आप्पा, ते माझ्या हौसेचं हाय."

सोनुवैनी पदराच्या टोकाला पीळ देत बसली. अण्णा पोरीकडं बघत ऱ्हायला, मग उठून भायेर गेला. मला वाटलं, विरघळला. एवढं ऐकून दगड विरघळला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी काढली आणि कागलला आणून माझ्या परड्यात लावली, हितं तिचा नंबर कायद्याचा म्हणून. येताना मी पण त्याच गाडीत होते, मागच्या सीटवर. पुढची डावी सीट रिकामी. नाका ओलांडला तसं त्येचं डोळं गळाय लागलं, पण हात स्टेअरिंगवरनं काढला न्हाय. मला त्येची कणव आली आणि रागानं त्येला फोडून काढावासा पण वाटला.

जूनमधी अंजी परत एस.टी.नं जाऊ लागली. पण पहिल्या वर्षी कमरेनं जे खाल्लं होतं ते आता वर आलं. गणपतीच्या आसपास फाट्यावर उतरतानाच पडली ती उठलीच न्हाय, ट्रकवाल्यानं घरी आणून सोडली. डॉक्टरनं चालणं बंद केलं. शाळेनं काही दिवस वाट बघितली, त्यांचं तरी काय चुकलं, पोरांचं वर्ष जातंय. मग तिच्या जागी दुसरी बाई घेतली. अंजीनं राजीनामा लिहिला आणि वैनीजवळच्या बिड्यांचं सूप पुढं ओढलं. निपाणीत बाईमाणसाला दुसरं काय हाय? पाय पसरून बिड्या वळता येत्यात, उलट सोपं जातंय. बीजगणित शिकवणारी पोरगी, दिवसभर पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. वैनी म्हणती, तिचा हात लई साफ हाय, एक बिडी कारखान्यातनं परत येत न्हाय. हे ऐकून मी काय करू? हसू का रडू?

आणि अण्णा रविवारी माझ्याकडं येतोय. एस.टी.नं. खांद्याला पिशवी, पिशवीत फडकं. ताडपत्री काढतोय, गाडी धुतोय, पुसतोय. बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून ठेवतोय. मग कोल्हापूरच्या रस्त्यानं थोडी पळवून आणतोय, परत लावतोय, ताडपत्री घालतोय. जेवतोय आणि सांजच्या एस.टी.नं जातोय. हॉटेलातली ती माणसं आता विचारत पण न्हाईत. त्यातल्या एकानं बेळगावच्या नंबराची मारुती घेतली, अण्णाला हाक मारून दाखवली म्हणं.

परवा माझ्या धाकट्याचं लगीन झालं. टेंपोच्या हौद्यात गादी टाकून अंजीला आणली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पांगलं, तवा ती परड्यातल्या कट्ट्यावर उन्हाला बसली, पाय पुढं. मांडीवर सूप. लग्नघरी पण बिड्या सोडून आली नव्हती. अण्णा गाडी पुसत होता. पुसून झाली तशी त्यानं डावीकडचं दार उघडलं. सीट तशीच होती, पार मागं सारलेली. म्हणला, "अंजे, चल, बस. कोल्हापूरला फिरवून आणतो. रंकाळ्यावर जाऊ."

अंजीनं दोरा गुंडाळला, दातानं तोडला. म्हणली, "आप्पा, मला कोल्हापुरात काय काम? माझी शाळा तिकडं होती." आणि निपाणीच्या बाजूला मान केली.

अण्णा दार धरून तसाच उभा. माझ्यानं ऱ्हाववलं न्हाय. पाहुणेरावळे अजून दारात होते, तरी मी वरडले, "विकून टाक ती गाडी! ऐकतोस का? माझ्या परड्यातनं काढ आणि विक! कोंबड्या अंडी घालाय लागल्यात तिच्याखाली. कुणाच्या कामाची हाय ती?"

त्यो माझ्याकडं बघाय लागला. खरोखर कळंना त्येला, मी असं का बोलतीय. चेहरा अगदी तसाच, आईपुढं उकिडवा बसला होता तवाचा.

"विकू कशी मालू?" त्यो म्हणला. "आणि उद्या निकाल लागला तर? अंजीला शाळेत कशातनं न्यायची?"

अंजीनं दुसरं पान घेतलं. अण्णानं दार हळूच लावलं, हँडलवर पडलेला बोटाचा डाग फडक्यानं पुसला आणि ताडपत्री ओढाय लागला. एका हातानं ती नीट बसंना, तवा मी जाऊन दुसरं टोक धरलं.